पूतनेचा डावा हात

दिग्दर्शक : परत हात तिथेच!

चित्रकार : कुठे, सर?

दिग्दर्शक : कुठे काय, बाळाच्या मानेखाली! अगं, ही पूतना आहे. कृष्णाला विष पाजायला आलीय, न्हाऊमाखू घालायला नाही. काल सांगितलं होतं ना, तो डावा हात काढ म्हणून?

चित्रकार : काढला होता. पुढची चित्रं काढता काढता कधी परत गेला, कळलंच नाही.

दिग्दर्शक : आपोआप?

चित्रकार : माझाच जात असणार. टेबलावर आरसा ठेवून मीच पूतना होते ना. मांडीवर उशी घ्यायची, पाजल्यासारखं करायचं, आणि आरशात बघून काढायचं.

दिग्दर्शक : उशीला मान असते?

भिंगरी : काका, आई उशीला थोपटते पण!

चित्रकार : भिंगरे, तू तुझं रंगव गं. सर, माझी थोरली. आज शाळा नाही, म्हणून आणलंय.

दिग्दर्शक : असू दे. धाकटं कसं आहे?

चित्रकार : आत्ताशी कुठे मान धरायला लागलंय.

दिग्दर्शक : म्हणजे घोळ तिथे आहे तर. हे बघ, कार्टूनचा सिनेमा आहे, पोरंटोरं बघणार. राक्षसीण ती राक्षसीण दिसायला नको? उद्या निर्माते येतायत. आज जमलं नाही, तर पूतना दुसऱ्या कोणाला तरी देतो.

चित्रकार : असं नका करू, सर. बाळंतपणाच्या रजेतसुद्धा तीच होती माझ्या डोक्यात.

दिग्दर्शक : बाळंतिणीच्या डोक्यात पूतना! घरी बोलू नकोस हो.

चित्रकार : बोलले ना. सासूबाई आठवडाभर बाळ माझ्याकडे देताना आधी माझ्या तोंडाकडे बघायच्या.

दिग्दर्शक : शहाण्या आहेत.

चित्रकार : सर, एक करा. दोन्ही दृश्यं हिला दाखवा. बिनहाताचं आणि हाताचं. तिला भीतीच वाटली नाही, तर काढते हात.

दिग्दर्शक : लाच दिलेली नाही ना हिला?

भिंगरी : नाही. बिस्किट दिलंय फक्त.

(पडद्यावर आधी हात नसलेलं दृश्य, मग हात असलेलं.)

दिग्दर्शक : हं, बोला बाईसाहेब. पहिल्यातली बाई कशी आहे?

भिंगरी : वाईट. डोळे बघा ना तिचे.

दिग्दर्शक : आणि दुसऱ्यातली?

भिंगरी : तीच तर आहे. वाईटच.

दिग्दर्शक : बाळाला इतकं नीट धरून?

भिंगरी : हो मग! पण पहिल्यात ते बाळ रडत का नाहीये? मान लटकतेय त्याची. आमच्या बाळाला मी तसं घेतलं की आई ओरडते.

दिग्दर्शक : बरं. पण मला सांग, मारायचंच आहे तर मान कशाला जपायची?

चित्रकार : यशोदा समोर बसलीय, सर. मान न धरता उचललं असतं, तर कुठल्या आईनं बाळ तिच्या हातात राहू दिलं असतं? सोंग तिथेच उघडं पडलं असतं.

दिग्दर्शक : सोंगाचा हात. हे पटलं. पण यशोदा उठून आत जाते, तेव्हा? तेव्हाही आहेच की हात.

चित्रकार : तेच मला कळत नाही. तेव्हा काढायला हवा. आरशात करून बघितलं, निघतच नाही. तुम्ही बघा. ही घ्या उशी.

दिग्दर्शक : मी?

भिंगरी : असं नाही काका! कोपरात घ्या. हां.

दिग्दर्शक : घेतली. आता हात काढला... च्यायला. विचित्रच वाटतं गं.

चित्रकार : बघा.

दिग्दर्शक : माझी आई ही गोष्ट सांगताना शेवटी म्हणायची, विषाचं का होईना, पाजलं ना तिनं, म्हणून कृष्णानं तिला आईची जागा दिली. मी विचारायचो, का? तर म्हणायची, झोप आता.

चित्रकार : मग आपल्या सिनेमात ते का नाही?

दिग्दर्शक : दाखवायचं कसं? जागा काय चित्रात काढता येते?

भिंगरी : काका, ती मरते?

दिग्दर्शक : हो. डोंगराएवढी होते आणि धाडकन पडते.

भिंगरी : मग बाळाला लागत नाही?

दिग्दर्शक : देव आहे तो. भोवती उजेड दाखवलाय आपण. तरंगत खाली येतो.

भिंगरी : तरंगत कशाला? तिनं धरलंय ना.

चित्रकार : भिंगरे, मध्ये मध्ये...

दिग्दर्शक : थांब, बोलू दे तिला. मरताना सोंग कोण करतं गं?

चित्रकार : सर?

दिग्दर्शक : तो उजेड काढून टाक. हात ठेव. पडेपर्यंत ठेव, पडल्यावरही ठेव. निर्मात्यांना मी सांगतो काय ते. फक्त डोंगराएवढ्या बाईचा हात एवढ्याशा मानेखाली जाणार कसा, ते बघ.

भिंगरी : करंगळीचं टोक ठेवा.

चित्रकार : आत्ता काढते, सर. उशी द्या इकडे.

दिग्दर्शक : घे. हळू गं, मान सांभाळ.