नंबर लागते, नाव लागत नाही

(मंगरूळपीर. वाशीमच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं छोटं केंद्र. एक कॉम्प्युटर, एक फोन, बाकावर एक म्हातारी. दुपार.)

हुस्नाबानो : वायरीले हात लावू नका, भाऊ. आधी बसा.

गुलाबसिंग : मॅडम, संध्याकाळच्या गाडीनं हे मशीन घेऊन मला वाशीमला पोचायचं आहे. साहेबांचं पत्र तुम्ही वाचलं ना?

हुस्नाबानो : तीनदा वाचलं. ‘केंद्राच्या ऑपरेटर श्रीमती हुस्नाबानो यांना संगणक हाताळता येत नसल्याने सदर केंद्र बंद करण्यात येत आहे.’ पाठ झालं मले. अकरा वर्सं टायपिंग शिकवलं मी या गावात. हे पत्र ज्या पोरीनं टाईप केलं, तिले बी मीच शिकवलं असंन.

गुलाबसिंग : मी फक्त कॉम्प्युटरचा माणूस आहे. गुलाबसिंग राठोड. नोकरीला लागून आठ महिने झाले. तुमचं जे काही म्हणणं असेल ते साहेबांना सांगा.

हुस्नाबानो : त्याईले सांगीनच. पण मशीन इथून हलायच्या आधी तुमी ते माह्यासमोर चालवून दाखवा. चाललं त माह्यी चूक, खुशाल न्या. नाही चाललं, त कोनाची चूक हाये ते शोधा.

गुलाबसिंग : मला तेवढा वेळ नाही.

गोजराबाई : मले हाये वेळ. मी सकाळपासून बसून हाओ.

गुलाबसिंग : ह्या कोण?

हुस्नाबानो : गोजराबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनसाठी दोनदा वाशीमले गेल्या अन् दोनदा तशाच परत आल्या.

गोजराबाई : एकटी गेली मी. गाडीची पाटी वाचता येत नाही, त दर गाडीपाशी जाऊन इचारलं. तथी गेली त ते म्हनतात, बाई, तुमची तारीख आज नाही. मंग कवा हाये? त म्हनतात, तुमच्या सेंटरले इचारा. सेंटर म्हनजे ही बानोबाई. अन् हिले त दिसतच नाही.

हुस्नाबानो : हेच. दवाखान्याच्या सर्व्हरवर ‘तारखा’ नावाचं फोल्डर असते. आधी दर शनिवारी मी इथून फोनच्या लाईनीवरून नेट लावायची, फोल्डर उघडायची, ज्याची त्याची तारीख त्याच्या गावाले कळवायची. दोन महिन्यांपासून नेट लागते अन् फोल्डर दिसत नाही. फोनवर इचारलं त म्हनतात, यादी फोनवर सांगत नसतो, कॉम्प्युटरवर पाहा. मंग अंदाजानं पाठवलं मी लोकांले. ती चूक मात्र माह्यी.

गुलाबसिंग : लाईन खराब असेल. इकडच्या लाईनी खराबच असतात.

हुस्नाबानो : लावा नं मंग. माह्या हातानं नको, तुमच्या हातानं लावा.

गुलाबसिंग : ...बरं. पासवर्ड काय आहे?

हुस्नाबानो : तो मी टाकतो. तिकडं तोंड करा.

गुलाबसिंग : डायल होतंय. आवाज तर चांगला आहे. ...लागलं.

हुस्नाबानो : लागतेच. स्क्रीनवर खाली कोपऱ्यात दोन छोटे कॉम्प्युटर लुकलुकून राह्यले ना? आता नेटवर्क नेबरहूड उघडा, तथीच दवाखान्याचे कॉम्प्युटर दिसाले पायजेत.

गुलाबसिंग : उघडतो. ...थांबा. ‘अनेबल टू ब्राउज द नेटवर्क.’ नेटवर्क दिसत नाही म्हणतंय.

हुस्नाबानो : ही वही घ्या. पयलं पान.

गुलाबसिंग : काय आहे हे?

हुस्नाबानो : वाचा. गोजराबाईलेबी ऐकू द्या.

गुलाबसिंग : ‘पंधरा ऑक्टोबर, शनिवार. अकरा वाजून बारा मिनिटं. नेट लागलं. अनेबल टू ब्राउज द नेटवर्क. अकरा वीस, पुन्हा तेच. अकरा चाळीस, मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. बावीस ऑक्टोबर...’ मॅडम, हे तुम्ही रोज लिहिलं?

हुस्नाबानो : दर वेळी. स्क्रीनवर जे आलं ते जसंच्या तसं. टायपिंगवाल्या बाईचं एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही. चौसष्ट वेळा लावलं मी. तुमच्या पत्रात लिव्हलं, हाताळता येत नाही.

गुलाबसिंग : पत्र माझं नाही.

हुस्नाबानो : पन मशीन न्याले तुमी आले.

गोजराबाई : भांडू नका बाप्पा. काय बिघडलं ते पाहा.

गुलाबसिंग : पाहतोय, बाई. ...एक काम करतो. सर्व्हरला नावानं न बोलवता त्याच्या नंबरानं बोलवतो. ...हे पाहा. उत्तर आलं. चारदा बोलवलं, चारही वेळा आलं.

हुस्नाबानो : म्हनजे लाईन चांगली हाये.

गुलाबसिंग : लाईन चांगली आहे.

हुस्नाबानो : पासवर्डबी बराबर हाये.

गुलाबसिंग : तोही बरोबर. नंबर लागतोय, नाव लागत नाहीये. चमत्कारिक आहे. वाशीमला ऑफिसात तर सगळ्यांना दिसतं.

हुस्नाबानो : मंग तुमच्यात अन् आमच्यात फरक काय हाये, तेवढं सांगा.

गुलाबसिंग : फरक असा, की ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकाच वायरीवर आहेत. एकानं ओट्यावर उभं राहून हाक मारावी आणि गल्लीनं ओ द्यावी, तसं चालतं. तुमची हाक फोनच्या लाईनीतून तिथपर्यंत जात नाही. म्हणून बाहेरच्या केंद्रांसाठी एका मशीनवर नावांची नोंद ठेवलेली असते. कोणत्या नावाचा कोणता नंबर. तुमचं मशीन आधी त्या नोंदीला विचारतं.

हुस्नाबानो : अन् माह्यं मशीन कोनाले इचारून राह्यलं?

गुलाबसिंग : ते इथं दिसेल. ...हा नंबर. शेवटी पाच.

हुस्नाबानो : मंग?

गुलाबसिंग : पाच.

गोजराबाई : काय झालं? हा गप कायले बसला?

हुस्नाबानो : भाऊ, पाच नंबर कोनाचा हाये?

गुलाबसिंग : जुन्या सर्व्हरचा. तो आता स्टोअरमध्ये पडला आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नवीन सर्व्हर बसवला. ऑफिसात सगळं दिसत होतं, म्हणून...

हुस्नाबानो : दसरा बारा तारखेले होता. माह्यी वही पंधरापासून चालू होते. कोनं बसवला नवीन सर्व्हर?

गुलाबसिंग : मी.

गोजराबाई : आता?

गुलाबसिंग : नावांची नोंद नव्या मशीनवर चालू करायची राहिली. आणि तुम्हाला नंबर मिळतोय तो जुन्याचाच. तुमचं मशीन दोन महिने बंद घराचं दार वाजवत होतं. माह्या हातानं झालं हे, बाई.

हुस्नाबानो : आता इथून काई करता येते?

गुलाबसिंग : येते. तुमच्या मशीनमधी एका फाईलीत नवीन सर्व्हरचं नाव अन् नंबर लिहून देतो. एक ओळ. मंग कोनाले इचाराची गरज नाही. ...झालं. पुन्हा लावतो. ...आता पाहा.

हुस्नाबानो : ‘तारखा.’

गोजराबाई : दिसलं का वं?

हुस्नाबानो : दिसलं, गोजराबाई. थांबा, यादी उघडू द्या. ...हे लाल काय हाये?

गुलाबसिंग : गैरहजर.

हुस्नाबानो : ‘गोजराबाई. एकोणतीस ऑक्टोबर, गैरहजर. सव्वीस नोव्हेंबर, गैरहजर. नाव कमी केले.’ अन् हे खालचे. माह्याच केंद्राचे हायेत सगळे. एक, दोन... अकरा. अकराच्या अकरा कमी केले.

गोजराबाई : मी गैरहजर? म्या दोन खेपा केल्या, अन् मीच गैरहजर?

गुलाबसिंग : नियम आहे. दोनदा आला नाही, तर नाव कापतात. पुढच्या शिबिरात नवीन नोंदणी.

हुस्नाबानो : पुढचं शिबिर उन्हाळ्यानंतर.

गोजराबाई : तवपर्यंत मले चुलीतला जाळ दिसते का नाही कोनास ठाऊक. सून म्हनते, बुढी घरीच बरी, कुठी पडंन. मी तिले सांगतलं, पडीन त उठीन.

गुलाबसिंग : मॅडम, असं करू. मशीन आता चालू झालं. मी साहेबांना सांगतो, लाईनीत बिघाड होता, दुरुस्त झाला. मशीन इथंच राहील, तुमचं केंद्र राहील. पत्राचं कोणी नाव काढणार नाही.

हुस्नाबानो : अन् हे अकरा?

गुलाबसिंग : ते... त्यांचं पुढच्या वेळी.

हुस्नाबानो : लाईन खराब म्हनलं त चूक केंद्राची ठरते. केंद्राची चूक ठरली त नावं कापलेलीच राह्यतात. चूक वाशीमची हाये म्हनलं, तरच नावं परत लागतीन. बराबर?

गुलाबसिंग : बराबर.

हुस्नाबानो : मंग लाईन खराब नव्हती.

गुलाबसिंग : तुम्ही समजून घ्या. आमच्या तांड्यातून ऑफिसात खुर्चीवर बसणारा पहिला माणूस मी आहे. अजून कायम व्हायचो आहे. हे कळलं तर साहेब मला ठेवणार नाहीत.

हुस्नाबानो : मानोऱ्याच्या सेंटरवर वैजयंती होती. तिलेबी असंच पत्र आलं. ती पोरगी घाबरली, रडली, सही करून घरी गेली. तिचं मशीन कोनं आनलं?

गुलाबसिंग : मीच.

हुस्नाबानो : लावून पाह्यलं होतं?

गुलाबसिंग : नाही. वायरी काढल्या अन् गाडीत टाकलं.

हुस्नाबानो : तिले गाव काय म्हनत असंन आता? येत नव्हतं तिले, म्हनून काढली. मी त पन्नाशीले आली, माह्यं काय जाते? पन ही बात मी झाकनार नाही. तुमी सांगा नाहीतर मी सांगतो. माह्याजवळ वही हाये.

गोजराबाई : लेका, इकडं ये. मले तुयं तोंड दिसत नाही, ढगावानी दिसते. पन आवाज ऐकून राह्यली मी मघापासून. आला तवा तुया आवाज वेगळा होता. आता घरच्यावानी बोलून राह्यला. तू सांगशीन.

गुलाबसिंग : बाई, तुमाले काय ठाऊक?

गोजराबाई : न सांगनारा माणूस पाच नंबर पाहून गप बसला नसता. त्यानं मशीनच बंद केलं असतं.

हुस्नाबानो : यादी उतरवून घेतली मी. आता लाईन तोडा. एकच लाईन हाये, नेट काढल्याबिगर फोन लागत नाही. ...हॅलो. जानराव साहेब हायेत का? मंगरूळपीरहून हुस्नाबानो. ...सलाम साहेब. हो, तुमचा माणूस आला. नाही, मशीन नाही देलं. ...ऐकून घ्या. ...साहेब, तुमी पत्रात लिव्हलं तवा मी मधात बोलली नाही, शेवटपर्यंत वाचलं. आता तुमी ऐका. फोल्डर उघडलं. सगळं दिसून राह्यलं. ...मी काई केलं नाही, बिघाड माह्याकडं नव्हताच. अकरा लोकांची नावं तुमच्याकडं गैरहजर म्हनून कापली. ते गैरहजर नव्हते, त्याईले तारीखच भेटली नाही. ...मले अर्ज नाही कराचा. अर्ज चुकी करनारा करते. ...कोनाची चूक ते मी नाही सांगत. इथं उभा हाये तो सांगीन. घ्या भाऊ.

गुलाबसिंग : सर. गुलाबसिंग बोलतो. ...हो सर, तपासलं. लाईन ठीक आहे. पासवर्ड ठीक आहे. मॅडमनी चौसष्ट वेळा लावून पाहिलं, सगळं लिहून ठेवलं आहे. ...नाही सर. नवीन सर्व्हर बसवताना नावांची नोंद मी चालू केली नाही. बाहेरच्या केंद्रांना जुन्याच मशीनचा पत्ता जात होता. ...मी. दुसरं कोणी नाही, मीच. ...मानोऱ्यालाही हेच झालं असणार सर. तिथल्या मुलीची चूक नव्हती. ...कारंज्याच्या केंद्रालाही दिसत नसणार सर, तिथले लोक ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारतात. ...हो सर. ...हो. ...लेखी देतो. ...ठेवतो.

गोजराबाई : काय म्हने?

गुलाबसिंग : शिव्या देल्या. मंग म्हनले, नावं परत लावा. शुक्रवारपासून रोज दोन. वयानं मोठं त्याचं पयले.

हुस्नाबानो : गोजराबाई, शुक्रवार तुमचा.

गोजराबाई : या खेपी कागदावर लिवून दे वं. ठप्पा मारून दे. दारातच दाखवतो त्याईले.

हुस्नाबानो : देतो. अन् वैजयंतीचं?

गुलाबसिंग : ते नाही बोलले. तुमच्या पत्राचंबी नाही बोलले. मले सोमवारी दहा वाजता बोलावलं. लेखी घेऊन या, म्हनले.

हुस्नाबानो : बसा. आताच लिवू. तुमी सांगा, मी टाईप करतो.

गुलाबसिंग : बाई, माह्यं काई खरं नाही आता. सोमवारी तुमाले दुसरा माणूस पाठवतीन.

हुस्नाबानो : वैजयंतीच्या घरचा नंबर हाये माह्याजवळ. तिलेबी सांगतो, सोमवारी सकाळी साडेसातच्या गाडीनं निघ.

गुलाबसिंग : कुठी?

हुस्नाबानो : वाशीमले. आमी दोघी येतो तुमच्यासंगं.

गुलाबसिंग : तुमी कायले? तुमची चूक निघाली नाही ना.

हुस्नाबानो : साहेबाच्या टेबलापुढं तीन खुर्च्या हायेत, भाऊ. तुमी मधातल्या खुर्चीवर बसा.