कोरडा कापूस

माहं माहेर ढानकीकडचं. मायबाप लोकायच्या वावरात राबत अन् मी धुऱ्यावर खेयत मोठी झाली. लगन होऊन आर्नीपाशी या गावात आली, तं इथंही तेच. काय सांगू तुमाले, लगनाची हयद उतरली नोयती तं कापूस वेचाले उभी.

आमी साऱ्याजनी वामनभाऊच्या वावरात वेचतो. वेचनी किलोवर. सकायच्या दंवातच हात लावला तं कापूस ओलसर राह्यते, काट्यावर जड भरते. सारेच तसं करत, वामनभाऊही काई म्हने नाई.

मंग मागच्या वर्षी परदेशातल्या मोठ्या कपड्याच्या दुकानाची मानसं आली. म्हने, आमच्यासाठी जो कापूस वेचते, त्याचं घर नीट चाललं पाह्यजे. आयकून बरं वाटलं बाप्पा, खोटं कायले बोलू. पन त्यायचे नेमही आले. दंव उडाल्याबिगर वेचू नका, पाल्याचा कन नको, डोक्याले फडकं बांधा. बांधलं. कापूस असा पांढराशुभ्र, कोरडा, अन् काट्यावर भरेच ना! पैसे तं किलोवरच, मंग हातात पयल्यापेक्षा कमी.

सून माही रेखा, लय फटकय. म्हने, आई, दिवसाच्या रोजानं पैसे भेटत असतीन तं थांबते, नाई तं पोरीले घेऊन तुमच्या लेकासंग पुन्याले कामाले जाते. नात चिंगी माह्याबिगर जेवत नाई. मले धडकीच भरली.

दुकानाची बाई विचारपूस कराले येनार, त्याच्या आदल्या दिशी वामनभाऊ आला. वहिनी, सारं बराबर हाये म्हना, नाई तं दुकानाच्या यादीतून माहं नाव काटतीन. हात जोडले त्यानं. मानूस वाईट नाई हो, त्यालेही दुकानवाले ज्यादा भाव देतो म्हनले होते, तो भाव आलाच नाई, तं हा मले कुठून देईन?

बाई आली, माह्या बाजूले बसली. पुरते का पैसे? वामनभाऊ मांगंच उभा. मले चिंगीच दिसून राह्यली होती. म्हनलं, नाई पुरत, तुमच्या नेमानं तं आनखी कमी झाले, अन् यालेही विचारा, याले तुमी काय ज्यादा देल्लं. बाई पाहू म्हने, अन् गेली. काय पाह्यलं? वामनभाऊचंच नाव काटलं! त्यानं माह्याशी बोलनं टाकलं, अन् महिन्याभरात रेखाही गेली. चिंगी बसच्या खिडकीतून आजी, आजी करे. मी तिकडं पाह्यलंच नाई. पाह्यलं असतं तं बसच आडवली असती.

यंदा कापूस फुटला. पयल्या वेचनीले आमच्याकडं सीतादही करतात, वावरात पूजा मांडून दहीभात शिंपडतात. वामनभाऊच्या वावरातलं दरवर्षी माह्याच हातचं. म्हनलं, आता कोन बोलावते. तं सकायी दारात हाच उभा, दह्याची वाटी घेऊन. वहिनी, चला. मी म्हनलं, वेचनी? किलोवरच, म्हने, काय करू. दंवातच लागा, आता कोन पाहाले येते.

गेली मंग. दहीभात शिंपडला, हात जोडले, म्हनलं, सीतामाय, हा कापूस जो अंगावर घालन त्याले सुखी ठेवजो. अन् माही चिंगी तिकडं पुन्यात हाये, तिले माह्याबिगर जेवाले शिकवजो.