चाळीस तास

औषधांच्या खिडकीपुढे रांग होती. माझ्या मागे नणंद-भावजय, भावजयीच्या खांद्यावर बाळ झोपलेलं.

"ताई, बाळाच्या जनुकांचं सोमवारी कळेल म्हणाला होतात."

"काम मधेच बंद पडलं, वहिनी."

"तुमच्या लॅबचा कंप्युटर बिघडला?"

"एकट्या आमच्या लॅबच्या कंप्युटरला ते झेपतच नाही. बाळाची जनुकं अक्षर न् अक्षर ताडून बघायची असतात. म्हणून पन्नास-साठ लॅबनी आपापले कंप्युटर जोडून ठेवलेत. तिथे काम रांगेत लावायचं आणि किती तास लागतील ते आधीच सांगायचं. कमी तासांच्या कामाचा नंबर लवकर लागतो."

"मग?"

"साठ तास लागणार होते. मी चाळीस सांगितले."

"मग लागला नंबर?"

"लगेच लागला. चाळीस तास संपले आणि कंप्युटरनं काम तिथंच तोडलं. झालेलंही सगळं गेलं."

"असं होतं हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"बारा वर्षं हेच करतेय. नव्या मुलींना मीच बजावते, तास कमी सांगू नका म्हणून."

"दुसऱ्या कुणाचं बाळ असतं तर?"

"साठाला सत्तर सांगितले असते."

भावजयीनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आता किती सांगितलेत?"

"सत्तर. पुढे एकतीस कामं आहेत."

माझा नंबर आला. मी मागे वळून म्हणाले, "बाळ आहे, तुम्ही आधी घ्या."

"नको," दोघी एकदमच म्हणाल्या.