सशांच्या कानावरची शाई

मी मूळचा जेऊरकडचा, धनगराचा. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, तवा आक्कानं, म्हंजे माज्या थोरल्या भैनीनं, सोलापुरात बोलावून घेतलं. ती भवानी पेठेत ऱ्हायची, दाजी मागावर कामाला. दाजीनंच कुनाकुनाला सांगून मला दवाखान्याच्या लॅबमदी चिकटवलं, काम काय तर ससे संबाळायचे. जनावर संबाळायला पगार म्हनल्यावर मला हसूच आलं बगा.

लॅबच्या डाक्टरीणबाई शिस्तीच्या, पर मला कदी अरेतुरे केलं न्हाई. त्या सशाला पटकीचं मेलेलं जंतू टोचायच्या, आठवड्याआड, मग सशाच्या रक्तात तो जंतू वळखायची ताकद येती म्हनं. त्या रक्ताचं वरचं पानी काढून ठेवायचं, त्याला सिरम म्हंत्यात. मानसाला जुलाब लागलं की त्यातलं जंतू काचंवर घ्यायचं, वर सिरमचा थेंब, दानं धरलं की पटकी, न्हाई धरलं की न्हाई. ससे चार, सगळे पांढरे, दोन पटकीचे, दोन कसल्याशा तापाचे, वळख म्हनून कानाला येगयेगळ्या रंगाची शाई. माजं काम दानापानी बगायचं आन ती शाई पुसू द्यायची न्हाई, एवडंच की.

आन काय सांगू तुमाला, बेंदूर आला. बेंदराला जनावर धुतलं न्हाई तर सण कसला? बाई रजेवर. मी चौगांना साबन लावून न्हाऊ घातलं, कानाला गेरू लावला, पुरनाची पोळी चारली. शाई गेली धुवून. तरी मला कायबी वाटलं न्हाई, खरं सांगतो. शंभर मेंढरांत आपलं कुटलं ते धनगर तोंडावरनं वळखतो, मग चार ससे वळखू यायचे न्हाईत व्हय? गेरू पुसला, माज्या मतानं शाई लावली. रक्त काढताना बाईंनी इचारलं, खुना बरोबर हायत न्हवं. मी म्हनलं, व्हय.

पंदरा दिसांत पेठेत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. त्याच रक्ताच्या सिरमची नवी बाटली काढली; तिची आदी पारख करायची आसती, पर गडबड लई, बाईंकडनं ती ऱ्हायली. काचंवर दानं धरंनात. पटकी न्हाई आसा रिपोट गेला. आक्का इचारायला आली, आडाचं पानी पिऊ का, का लांबच्या नळावरनं आनू, पोरं न्हान हायत. मी ऐटीत म्हनलं, आगं ससे माज्याच हाताखालचे हायत, पी बिनघोर.

चवथ्या दिशी तिचं डोळं खोल गेलं, पायाला गोळं यायला लागलं. सलाईन लावलं, पर उशीर झालता. दुपारी गेली माजी आक्का. मग बाईंनी ठेवणीतल्या पटकीच्या जंतूवर ती बाटली लावून बगितली, तरी दानं न्हाईच, म्हंजे बाटलीच चुकीची. बाई खुर्चीत बसल्या, माझं चुकलं, माझं चुकलं म्हनत ऱ्हायल्या. मी दारात हुबा, तोंड उगडलं न्हाई. त्यांची बदली झाली, जाताना म्हनल्या, तुमच्या बहिणीची मी गुन्हेगार आहे. तवाबी न्हाई उगडलं.

दाजी अजून येतो, माज्या शेजारी जेवाय बसतो, पोरांना सांगतो, मामानं लई केलं तुमच्या आईसाठी. जीव द्यावा वाटतो, पर ती पोरंबी माज्याच तोंडाकडं बगत्यात. तुमी लिवताय न्हवं, लिवा, देव तुमचं बरं करो. पर छापायच्या आदी एकदा दाजीला वाचून दावा. मी दाराभाईर बसतो, तो काय म्हनंल ते ऐकायला.