फेडायचं नसलेलं कर्ज

...आणि वर म्हणे कर्ज! अहो, तुम्हाला सांगतो, लिफ्टच्या खड्ड्यात उतरून, कोपरापर्यंत ग्रीसमध्ये माखून, डोक्यावर अख्खी लिफ्ट टांगलेली असताना जे मी कमावलं, माझ्या घामाचं, माझ्या हक्काचं, ते मला मिळालं कसं? कर्ज म्हणून! पगार नव्हे, कर्ज! दुसऱ्याचे पैसे आपले म्हणणारे पुष्कळ पाहिले, पण आपलेच पैसे दुसऱ्याचे म्हणून सही ठोकणारा गाढव एकच. तो तुमच्यासमोर उभा आहे.

झालं काय, मी लिफ्ट दुरुस्त करतो. नोकरी नाही, कंत्राटावर. लिफ्ट अडकली की मला फोन, सुटली की मी कोण आणि ते कोण! तर कर भरून भरून जीव मेटाकुटीला आलेला, आणि एक दिवस माझा मेहुणा, तोही कंत्राटावरच, एसी बसवतो, नवीकोरी गाडी घेऊन दारात! म्हटलं, घबाड सापडलं का रे? तर म्हणतो, "दाजी, तुम्ही अजून कर भरता?" अशा आवाजात, जसं काही मी अजून अंगठा चोखतो!

घेऊन गेला एका सल्लागाराकडे. काय ते ऑफिस! गालिचा असा, की बूट काढून हातात घ्यावेत. आणि सल्लागाराचा आवाज... साय हो, नुसती साय! "हे बघा साहेब," (मला साहेब!) "तुमचं बिल आमच्या कंपनीच्या नावानं जाईल. आम्ही तुम्हाला थोडासा पगार देऊ, आणि उरलेलं... कर्ज. कर्जावर कर नसतो ना!" म्हटलं, अहो पण फेडायचं कधी? तो हसला. मेहुणाही हसला. "फेडायचं नाही, साहेब. कागदावर तेवढं म्हणायचं." आणि या मेहेरबानीबद्दल शंभरातले पंधरा त्याचे! मी विचारलं, हे कायद्यात बसतं ना? "शंभर टक्के! मोठमोठे वकील बघून गेलेत." गेले असतील हो... थांबला कोण?

घरी येऊन आमच्या हिला सांगितलं, आणि तिथंच जीभ घसरली. आनंदाच्या भरात म्हणालो, "अगं, आता पगार नव्हे, कर्ज!" तिच्या हातातला झारा हवेतच! हिचे वडील आयुष्यभर भावांच्या उधाऱ्या निस्तरत गेलेले, कर्ज हा शब्द ऐकला की हिला धाप लागते. "कर्ज? कुणाकडून? फेडणार कशानं?" अगं, फेडायचं नसतं. "फेडायचं नाही ते कर्ज कसलं?" अगं, कागदावर. "सही कुणाची?" ...माझी. संपलं!

पहिले पैसे आले आणि बाईसाहेबांनी काय केलं असेल? गेल्या तडक त्या गालिच्यावरून, चपला घालून, आणि पहिला हप्ता टेबलावर! सल्लागार घामाघूम. कंपनी निघाल्यापासून कर्ज फेडायला आलेलं पहिलंच माणूस! "वहिनी, अहो वहिनी, पावती कशाची फाडू?" मला फोन, "साहेब, तुमच्या मिसेसना आवरा!" घ्या! अख्ख्या संसारात मला जे जमलं नाही, ते याला फोनवर हवं!

मग हिनं बँकेत वेगळं खातं काढलं. कर्जाची पै न पै त्यात. "परक्याचा पैसा. मागायला आले की तोंडावर फेकायचा." म्हटलं, पाठ गेली गं, एक चांगली खुर्ची आणू? "कर्जातून?" व्हॅनचं दार दोरीनं बांधलंय... "कर्जातून?" तिकडे मेहुणा बायकापोरांसह विमानातून हिंडतोय, सोफा असा की बसलेला माणूस शोधावा लागतो, आणि तेवढंच कमावणारा मी एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं दार धरून गाडी हाकतोय! का? तर पगार नव्हे, कर्ज!

आणि मग आली कर खात्याची नोटीस. हे कर्ज नसून पगारच आहे, सबब कर भरा, व्याज भरा, दंड भरा, नाहीतर घरावर जप्ती. घर! दोनच खोल्या, पण आमच्या हो! सल्लागाराचा फोन बंद. धावत ऑफिस गाठलं, दार उघडतो तर आत दातांचा डॉक्टर! म्हटलं चला, उपटायचा धंदा तरी तोच आहे.

कर खात्यातल्या बाई चष्म्यावरून म्हणाल्या, "सल्ला कुणाचाही असो, कर तुमचाच." हिलाही बरोबर नेलं होतं. ही म्हणाली, "पैसे आहेत." बाई चाट! "खर्च नाही केलेत?" "कर्जाचे होते ना!" कर गेला, व्याज गेलं, दंड गेला, सल्लागाराचे पंधरा तर कधीच गेले होते... खातं धुऊन निघालं, पण घर राहिलं. आणि हिला राग कशाचा यावा? दंडाचा नाही! "म्हणजे ते आपलेच पैसे होते? आणि मी इतके दिवस जीव मुठीत धरून होते?" घरी पोचेपर्यंत बोलत होती. बोलू दे म्हटलं. खिडकीत बसून चहा प्यालो, इतका गोड चहा आयुष्यात प्यालो नव्हतो.

मेहुण्याचं काय? गाडी विकली, सोफा विकला, तरी दंड बाकी. आला रडत, "ताई, थोडं कर्ज दे गं..." "कर्ज नाही. काम कर, पगार घे." आता तो माझ्याबरोबर खड्ड्यात उतरतो, आणि हिशेब ही बघते. पहिला पगार मोजून म्हणतो, "ताई, कमी आहेत!" "कर कापलाय. भरूनही आले." मग माझ्याकडे वळला, "दाजी, तुम्ही तरी काही बोला!"

मी काय बोलणार? माझी सगळी कमाई तिच्याच हातात जाते, आणि मला जे खर्चायला मिळतं तेही... कापूनच मिळतं! आणि तुम्हाला सांगतो, या खात्यात अपील नाही!