जरा थक्क व्हा, क्लेमेंट

...आणि वर मलाच म्हणतात, तुमच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही! अहो, चेहरा आहे तो, दुकानाची पाटी आहे का? तुम्हाला सांगतो, आम्ही इंग्लंडातल्या नॉरफोकची माणसं. आमच्याकडे घर पेटलं तरी शेजारी म्हणतो, "आज जरा ऊब आहे." आणि या टीव्हीवाल्यांना हवेत ढसाढसा रडणारे म्हातारे!

कार्यक्रम काय, तर आमच्या मंडळातल्या लोकांनी गॅरडच्या मेंढ्यांच्या कुरणात जमिनीतला धातू शोधायची यंत्रं फिरवायची, आणि ज्याला जमिनीतून काही भारी सापडेल तो पुढच्या फेरीत. आता मी तीस वर्षं हेच करतोय, कुणी कॅमेरा न लावता. मिळालं काय? बाटल्यांची झाकणं, बटणं, नांगराचा फाळ, आणि एकदा कुणाची तरी तारेची कवळी. हेझल, म्हणजे आमची बायको, ते सगळं भंगार बघून इतकी हसायची की तिला खुर्ची धरावी लागायची.

तर त्या दिवशी यंत्र असं काही गोड वाजलं म्हणून सांगू! गुडघ्यावर बसलो, हिरवळीची चकती कापून उलटली, आणि खाली वीतभर मातीत... सोनं! झग्याला लावायची जुन्या सॅक्सन काळातली पिन, लाल खड्यांची. मला धक्का बसला. पण चेहऱ्यावर? काही नाही. तोंडातून निघालं, "हं. बरंय."

इमोजेन धावत आली. ही दिग्दर्शिका, माझ्या नातीच्या वयाची. कॅमेरा नेमका मेंढ्यांकडे होता हो! म्हणाली, "क्लेमेंट, परत पुरा, परत काढा. आणि या वेळी जरा थक्क व्हा." परत पुरा? शेकडो वर्षं बिचारी मातीत पडलेली, वर येऊन वारा लागला नाही तोच परत आत? मला धक्का बसला. पण चेहऱ्यावर? काही नाही. आणि मी पुरली! कुणी सांगितलं होतं ऐकायला? पुरली, काढली. अजून थक्क व्हा. पुरली, काढली. तोंड उघडा म्हणे. उघडलं, तर माशी आत गेली. मग म्हणे आईची आठवण काढा. आमची आई असती तर एवढंच म्हणाली असती, "हात धुऊन ये."

मग ऊन गेलं. इमोजेन म्हणाली, ऊन येईपर्यंत चहा घ्या. आणि इथेच घोळ झाला बघा. आमच्या लोकांच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते, खड्डा उघडा टाकून जायचं नाही. मेंढीचा पाय अडकला तर गॅरड अख्ख्या मंडळाला कुरणाबाहेर हाकलेल. त्यामुळे चहा म्हटलं की हात आपले आपण चालतात. माती लोटली, चकती बसवली, बुटाने दाबली, वरचं गवत बोटांनी विंचरलं, आणि निघालो. पिन आत! चहा संपत आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. परत येऊन बघतो, तर इतकं बेमालूम बुजवलेलं की मलाच जागा सापडेना.

म्हटलं, हरकत नाही, यंत्र सांगेल. पण यंत्र कुठाय? यंत्र हेझलच्या हातात! ती आली होती मला सँडविच द्यायला, आणि ऊन येईपर्यंत जरा गंमत म्हणून कुणीतरी तिच्या हातात दिलेलं. ऊन आलेलं. कॅमेरा चालू. आणि ते वाजलं.

माझ्याच खुरप्याने खणलं तिने. पिन वर आली आणि ही जी किंचाळली, मेंढ्या पार कुंपणापर्यंत पळाल्या. रडली काय, हसली काय, ध्वनीवाल्या पोराला मिठी काय! मला धक्का बसला. आणि या खेपेला, अहो, चेहऱ्यावरसुद्धा! तोंडाचा आ, डोळे बाहेर, टोपी खाली. सगळं कॅमेऱ्यात. आणि इमोजेन? ती ओठांवर बोट ठेवून मला गप्प बसायच्या खुणा करतेय!

मी बोलणार होतो. तीस वर्षांत एकदाच सोनं लागलं, ते काय असंच सोडून देऊ? 'अगं, ते माझं' एवढं जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात ती मातीच्या हातांनी माझा हात धरून म्हणाली, "क्लेम, इतकी वर्षं मी हसले रे तुला. काही सापडलं की असं वाटतं होय?"

आता तुम्हीच सांगा. यावर 'ते माझं' म्हणायचं कसं? गिळलं झालं.

टीव्हीवर दिसलं काय, तर बायकोवर जळणारा नवरा. संग्रहालयात पिनेखाली नाव, हेझल थर्केटल. शाळेतली पोरं तिची सही घेतात. आणि दर रविवारी कुरणात ती पुढे, मी मागे. परवा मध्येच थांबली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि अगदी मायेनं म्हणाली, "क्लेम, मनगट सैल सोड. घाई करतोस रे, म्हणून तुला कधी काही सापडत नाही."

सोडलं सैल.