शेपूट पुढं, डोकं मागं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय सत्यभामाताई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे माननीय भैयालालजी, आजच्या सत्कारमूर्ती आम्रपाली मेश्राम बाई आणि लांजी-बैहरपासून बालाघाटच्या या सभागृहात आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी सरिता. बाईंची विद्यार्थिनी नव्हे, शेजारीण. एकतीस वर्षं बाईंनी विज्ञान शिकवलं, त्याबद्दल जाणकार बोललेच. मी फक्त तीन संध्याकाळींचं सांगणार आहे. समोर माझ्या सासूबाई मैनाबाई बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगते.

दोन हजार चोवीसचा ऑक्टोबर. माझ्या लग्नाला पाच महिने झाले होते. सासरे मोटरसायकलवरून पडले, पाय मोडला. त्याच आठवड्यात, दिवस मावळल्यावर, पश्चिमेला मोहाच्या शेंड्याजवळ धूमकेतू दिसू लागला. डोकं खाली, लांब पांढरी शेपूट वर. आमच्या धानावरच कोसळतोय असं वाटावं! सासूबाई म्हणाल्या, "हिचाच पायगुण. हिले उद्याच्या जीपनं बिरसाले माहेरी धाडा." माझे पती मान खाली घालून उभे. अशी माहेरी धाडलेली सून परत येते का, हे इथल्या बायकांना मी काय सांगावं?

तेवढ्यात बाई दुर्बीण घेऊन अंगणात आल्या. पश्चिम आमच्याकडूनच मोकळी दिसते ना! सगळं ऐकून म्हणाल्या, "काकू, तो पडून नाही राह्यला, तो चालला आहे. दोन दिवस थांबा. आणखी वर दिसंल. खाली दिसला, तर मीच हिले जीपमध्ये बसवून देईन."

माझा संसार बाईंनी आभाळाच्या भरवशावर टाकला होता!

सासूबाईंनी विचारलं, "चालला, तर शेपूट पुढं काहून?"

"तुमी धान उपणता तवा भुसा कुठं जाते?"

"वारा नेईल तिकडं."

"हौ! सूर्याजवळ गेला की याच्या बर्फाची वाफ होते, धूळ सुटते. त्या धुळीले सूर्याचा उजेडच ढकलते. अन् सूर्यातून एक वारा सुटते, सेकंदाले शेकडो किलोमीटर. तो वायूची बारीक, सरळ शेपूट ओढून नेते. म्हणून शेपूट सदा सूर्याच्या उलट. येताना मागं, जाताना पुढं."

उजेडाला जोर असतो? सूर्याला वारा असतो? क्षणभर मी माझी भीतीच विसरले.

दुसऱ्या संध्याकाळी ढग आले. माझी पिशवी दाराशी भरलेलीच होती.

तिसऱ्या संध्याकाळी आभाळ उघडलं, आणि धूमकेतू मोहाच्या शेंड्याच्या कितीतरी वर! सासूबाईंनी दुर्बीण डोळ्याला लावली. मग माझा हात धरून जवळ ओढलं, "तूही पाह्य."

मी पाहिलं. धुक्यासारखी ती शेपूट लाखो किलोमीटरची, आणि तरी आमच्या अंगणातून दिसणारी! वळून बघते तर बाईंच्या डोळ्यांतून पाणी.

"बाई, तुमी काहून रडता?" सासूबाई घाबरल्या.

"काकू, एकोणतीस वर्षं खडूनं फळ्यावर काढला. आज पह्यल्यांदा त्याले असा वर जाताना डोळ्यानं पाह्यला."

मंडळी, म्हणजे पहिल्या संध्याकाळी बाईंनी जे छातीठोक सांगितलं, ते त्यांनी स्वतः कधीच पाहिलेलं नव्हतं.

बाई, मी आपली ऋणी आहे. आयोजकांचे आभार. बोलण्यात हिंदी घुसली असेल, मोठ्यांचा मान राखताना काही राहिलं असेल, तर घरचीच सून समजून पदरात घ्या. सासूबाईंनी तर केव्हाच घेतलंय.